चूर्ण काम करतंय, म्हणूनच आज डॉक्टरांना फोन करा

एका ताईंचं पत्र आलंय. वय ५८, डायबिटीस ११ वर्षांपासून. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी, रात्री नुसतं मेटफॉर्मिन. दोन महिन्यांपूर्वी वहिनींनी त्यांना एक चूर्ण आणून दिलं, कारलं, जांभळाची बी, गुडमार, मेथी असं सगळं एकत्र दळलेलं, पाकिटावर काही लिहिलेलं नाही, सकाळ-संध्याकाळ एक चमचा. वहिनींना त्याचा चांगला फायदा झालाय, आणि वहिनी फक्त मेटफॉर्मिन घेतात. ताईंची उपाशीपोटीची शुगर १६० च्या आसपास असायची ती १०५ वर आली, सगळे खूश. पण गेले तीन आठवडे दुपारी जेवणाआधी दरदरून घाम येतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, दोनदा रात्री झोपेतून असंच होऊन जाग आली. एकदा मुलाने मशीनवर बघितलं तर ५६. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे. ताई विचारतात, चूर्णाने एवढा फरक पडतोय तर गोळ्या हळूहळू सोडू का, हर्बल गोष्टीने असा त्रास होऊ शकतो का, आणि डॉक्टरांना काहीच सांगितलेलं नाही, ते ओरडतील, तर आता कसं सांगू.

ताई, आधी सगळ्यात महत्त्वाचं. हा अशक्तपणा नाहीये. ५६ म्हणजे शुगर लो झालेली आहे, ७० च्या खाली गेली की लो म्हणतात आणि ५४ च्या खाली गेली की मेंदूला पुरेशी साखर मिळत नाही, माणूस गोंधळतो, बोलणं अडखळतं, फिट येऊ शकते, बेशुद्ध पडू शकतो. तुम्ही त्या रेषेपासून दोन आकडे लांब होतात. आणि तो आकडा दिवसा, मुलगा घरात असताना दिसला. रात्रीच्या दोन वेळांना किती होती ते कुणी मोजलंच नाही, मला पत्र वाचताना सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली.

म्हणून आज दोन गोष्टी करा. चूर्ण आजपासून थांबवा, आणि आजच डॉक्टरांना फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्यांना विचारा की उद्या सकाळची ग्लिमेपिराइडवाली गोळी घ्यायची की नाही, आणि घ्यायची तर किती. हा निर्णय मी इथून देऊ शकत नाही आणि तुम्हीही एकटीने घेऊ नका.

आणि परत असं झालं तर काय करायचं ते घरात सगळ्यांना माहीत असू दे. घाम-थरथर सुरू झाली की जमलं तर मशीनवर बघा, मशीन जवळ नसेल तर शोधत बसू नका, सरळ ३-४ चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात ढवळून प्या, १५ मिनिटं थांबा, परत मोजा, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच, आणि वर आली की काहीतरी पोटभरीचं खा कारण नुसत्या साखरेने आलेली शुगर तासाभरात परत खाली येऊ शकते. चॉकलेट-मिठाई यासाठी नको, त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात जायला वेळ लागतो. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, थेट हॉस्पिटल. जाता जाता एक, ज्या वाचकांना अकार्बोज किंवा व्होग्लिबोज चालू आहे त्यांनी घरात ग्लुकोजच ठेवा, कारण ही औषधं साधी साखर आतड्यात फुटायलाच वेळ लावतात, मग लो शुगरमध्ये ती लवकर कामाला येत नाही.

आता हे का झालं ते सांगते, कारण कारण कळलं नाही तर चार महिन्यांनी दुसरं कुणीतरी दुसरं चूर्ण देईल.

तुमच्या गोळीतलं ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. तुम्ही जेवलात की नाही हे ते बघत नाही, ते त्याचं काम जवळजवळ दिवसभर करत राहतं. मेटफॉर्मिनचं तसं नाही, ते मुख्यतः लिव्हरमधून रात्रंदिवस जी साखर रक्तात येत असते ती कमी करतं, इन्सुलिन जबरदस्तीने बाहेर काढत नाही, म्हणून एकट्या मेटफॉर्मिनवर शुगर लो होणं क्वचितच दिसतं. आता चूर्ण बघा. कारल्यात शुगर कमी करणारे घटक आहेत, त्यातला एक तर इन्सुलिनसारखा वागणारा प्रोटीनचा तुकडा आहे. मेथीतल्या एका अमिनो ॲसिडमुळे इन्सुलिन जास्त सुटतं. गुडमारबद्दलही तेच म्हणतात, शिवाय त्याचं पान चावलं की थोडा वेळ गोड चवच लागत नाही. म्हणजे डॉक्टरांनी डोस ठरवला तो एका औषधाचा हिशोब धरून, आणि मागच्या दाराने त्याच कामाला अजून तीन-चार जण येऊन लागले, ज्यांची मोजणी कुणीच केली नाही.

वहिनींना त्रास का झाला नाही त्याचं उत्तरही इथेच आहे. त्यांच्या गोळीत इन्सुलिन ढकलणारं काही नाहीये. तेच चूर्ण, तोच चमचा, पण शेजारचं औषध वेगळं. वहिनींनी मनापासूनच दिलं असणार, त्यांच्यावर अजिबात रागावू नका, फक्त "मला चाललं म्हणजे तुला चालेल" हे डायबिटीसमध्ये धरून चालता येत नाही एवढं त्यांनाही सांगा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड, रेपाग्लिनाइड यातलं काही चालू असेल किंवा इन्सुलिन चालू असेल तर अशा चूर्णांचा धोका वेगळ्याच पातळीवरचा आहे. त्यातही वय जास्त असेल, किडनी थोडी कमी काम करत असेल, जेवणाच्या वेळा इकडेतिकडे होत असतील तर अजूनच. ग्लिबेनक्लामाइडवर शुगर लो झाली तर साखर देऊन वर आली तरी काही तासांनी परत पडते, म्हणून अशा पेशंटला हॉस्पिटलमध्ये ठेवून बघतात.

कारल्याचं आणि डायबिटीसच्या गोळीचं असं एकावर एक चढणं नवीन नाहीये बरं का. १९७९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात कारलं आणि क्लोरप्रोपामाइड, म्हणजे ग्लिमेपिराइडच्याच घराण्यातली जुनी गोळी, यांच्याबद्दल नोंद छापून आली होती.

दुसरा प्रश्न, हर्बलने असं होऊ शकतं का. ताई, तुम्ही रोज रात्री घेता ते मेटफॉर्मिन कुठून आलं माहितीये? गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाचं एक झाड आहे, जांभळट फुलांचं, युरोपात जुन्या काळी औषधाला वापरायचे. त्यातल्या गॅलेगिन नावाच्या पदार्थाने शुगर कमी होते हे कळलं, पण तो जसाच्या तसा माणसाला द्यायला विषारी निघाला, ते झाड चरून मेंढ्या मरतात. त्याच कुळातलं पण माणसाला सोसेल असं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये लॅबमध्ये बनवलं गेलं आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी ते डायबिटीसच्या पेशंटवर वापरून त्याचे निष्कर्ष छापले. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही आत्ताची औषधं घ्या, त्यांची सुरुवातही फ्लोरिझिन नावाच्या पदार्थापासून, जो १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून काढला होता. झाडांमध्ये औषध आहेच, मी ते नाकारत नाही, उलट माझं म्हणणं तेच आहे की आहे. आणि जे शुगर खाली आणू शकतं ते गरजेपेक्षा जास्त खालीही आणू शकतं. गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते छापलेलं असतं. चमच्यात किती आहे ते कोण सांगणार? सपाट चमचा की शीग लावून, कुठल्या जातीचं कारलं, किती जुनं, यावेळच्या दळणात गुडमार जास्त पडलं की मेथी, प्रत्येक वेळी डोस बदलतो आणि तुम्हाला कळतही नाही.

आणि शुगर लो होणं हा यातला एकच प्रकार झाला. मेथी दाणे, इसबगोल, गवारगम यांचं पोटात गेल्यावर जेलीसारखं होतं, जेवणातली साखर हळू रक्तात जाते, ते चांगलंच आहे, पण गोळी पण त्यात अडकते. गवारगममुळे मेटफॉर्मिन आणि ग्लिबेनक्लामाइड शरीरात कमी गेल्याचं अभ्यासात दिसलेलं आहे. असं काही घेत असाल तर गोळी आणि ते यात निदान २ तासांचं अंतर ठेवा, आणि डॉक्टरांना विचारूनच.

मग लिव्हरचा भाग. बहुतेक औषधांना लिव्हरमधली एन्झाइम, म्हणजे तिथली कामं करणारी प्रथिनं, मोडून टाकतात आणि काही वनस्पती या एन्झाइमचा वेग बदलतात. बर्बेरिन नावाचा वनस्पतींमधला पदार्थ हल्ली कॅप्सूलमध्ये खूप खपतोय, दारुहळदीतही ते असतं. ग्लिमेपिराइड ज्या एन्झाइमने मोडतं त्यालाच बर्बेरिन मंद करतं, म्हणजे ते स्वतः शुगर कमी करणार आणि वर गोळीही रक्तात जास्त वेळ रेंगाळण्याची शक्यता, दोन्हीकडून ओढ खालीच. सेंट जॉन्स वर्ट याच्या उलट, ते एन्झाइमना पळवतं, मन उदास असेल तर लोक स्वतःच्या मनाने घेतात आणि मग ग्लिक्लाझाइडसारखी गोळी लवकर बाहेर पडते, शुगर वाढते आणि सगळे पेशंटला म्हणतात तू पथ्य पाळत नाहीस. मिरी-पिंपळीतलं पायपरिनसुद्धा काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. स्वयंपाकातल्या चिमूटभर मिरीने घाबरायचं कारण नाही, मी अर्क भरलेल्या कॅप्सूलबद्दल बोलतेय. गुळवेलीने लिव्हरला सूज आल्याच्या केसेस २०२१ पासून छापून आल्या आहेत, तेव्हा तीही रोज रोज स्वतःच्या मनाने नको.

एक गोष्ट मात्र जरा थांबून सांगायची आहे कारण तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि ती म्हणजे जुलाब. कारल्याचा रस, कोरफडीचा चीक, सोनामुखी, यांनी पोट साफ होतं म्हणून लोक खूश होतात. पण मेटफॉर्मिनने आधीच काहींना जुलाब होतात, त्यात हे, त्यात जर डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल जे लघवीवाटे साखर आणि पाणी दोन्ही बाहेर काढतं, तर शरीर कोरडं पडतं. शरीर कोरडं पडलं की किडनीला रक्त कमी. मेटफॉर्मिन बाहेर पडतं ते किडनीवाटेच, किडनी मंदावली की ते साठतं आणि लॅक्टिक ॲसिडोसिस, म्हणजे रक्तात लॅक्टिक ॲसिड साठणं, होऊ शकतो, दुर्मिळ आहे पण जिवावरचा आहे. आणि डापाग्लिफ्लोझिनवाल्यांना उपाशीपोटी काढा, त्यात जुलाब, त्यात जेवण बंद असं झालं तर शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात किटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारे आंबट पदार्थ, वाढू शकतात, मशीनवर आकडा बरा दिसतो म्हणून कुणी हॉस्पिटलला नेत नाही. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात श्वास, असं काही झालं तर आकडा कितीही असला तरी दाखवा.

ज्येष्ठमध रोज बरेच दिवस घेतला तर पोटॅशियम कमी होतं आणि बीपी वाढतं, आणि पोटॅशियम कमी झालं की इन्सुलिनही नीट सुटत नाही. आसव-अरिष्टात आंबवताना अल्कोहोल तयार होतं, ते आणि ग्लिमेपिराइड एकत्र म्हणजे शुगर लो व्हायला अजून एक वाट. अवलेह म्हणजे साखर किंवा गूळच. एवढं पुरे, प्रत्येक वनस्पतीची गोष्ट इथे सांगत बसत नाही.

पण तुमच्या चूर्णाच्या पाकिटावर काहीच लिहिलेलं नाही हे मला खटकलंय. कारण "हर्बल" म्हणून विकलेल्या वस्तूत चक्क डायबिटीसच्या गोळ्याच दळून मिसळलेल्या सापडल्या आहेत, वेगवेगळ्या देशांत, अनेकदा. ग्लिबेनक्लामाइड सापडलंय, मेटफॉर्मिन सापडलंय, फेनफॉर्मिनसुद्धा सापडलंय, जे लॅक्टिक ॲसिडोसिसमुळे अमेरिकेत १९७० च्या दशकातच बंद झालं. २००८ मध्ये सिंगापूरमध्ये जानेवारी ते मेच्या दरम्यान डायबिटीस नसलेले १५० लोक शुगर लो होऊन हॉस्पिटलमध्ये आले, शोध घेतला तर लैंगिक ताकदीच्या नावाने विकलेल्या बेकायदा औषधांमध्ये ग्लिबेनक्लामाइड निघालं. ७ जण कोमातून बाहेरच आले नाहीत, त्यातले ४ गेले. त्या लोकांना आपण डायबिटीसची गोळी खातोय हे माहीतच नव्हतं. तुमच्या चूर्णात असं असेलच असं मी म्हणत नाही, फक्त कारलं-मेथीच असू शकतं. पण १६० वरून १०५ हा फरक बराच मोठा आहे, म्हणून ते पाकीट फेकू नका, उरलंय तसं डॉक्टरांकडे घेऊन जा. वहिनींनाही सांगा की त्यांनीही त्यांच्या डॉक्टरांना दाखवावं.

आता पहिला प्रश्न, गोळ्या सोडू का. नाही ताई, स्वतःच्या मनाने नाही. तुम्हाला आत्ता दिसतोय तो उपाशीपोटीचा एक आकडा. दिवसभर काय चाललंय, जेवणानंतर किती जाते, तीन महिन्यांची सरासरी काय, ते एचबीए१सी केल्याशिवाय कळणार नाही, आणि मध्ये मध्ये शुगर पडत असेल तर ती सरासरीही खोटी चांगली दिसते. दुसरं म्हणजे मेटफॉर्मिन नुसता आकडा खाली आणायला देत नाहीत. इंग्लंडमध्ये अनेक वर्षं चाललेल्या यूकेपीडीएस अभ्यासात, त्याचे निकाल १९९८ मध्ये आले, वजन जास्त असलेल्या पेशंटमध्ये मेटफॉर्मिनने हार्ट अटॅक आणि डायबिटीसमुळे होणारे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं. कारल्याच्या बाबतीत कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये सगळे चांगले अभ्यास एकत्र करून बघितले, आणि डायबिटीससाठी ते वापरा असं म्हणण्याइतका पुरावा नाही असाच निष्कर्ष निघाला, अभ्यास थोडे होते आणि छोटे होते. मला विचाराल तर तुमच्या जागी मी मेटफॉर्मिन कधीच सोडणार नाही.

ग्लिमेपिराइडचं मात्र वेगळं आहे. शुगर अशी लो होत असेल तर डॉक्टर त्याचा डोस कमी करतील किंवा ते काढून लो न करणारं दुसरं काही देतील, अशी औषधं आता आहेत. म्हणजे गोळी कमी व्हावी ही तुमची इच्छा काही चुकीची नाहीये, ती पूर्णही होऊ शकते, फक्त ती मोजून-मापून व्हायला हवी. आणि हेही लक्षात घ्या, चूर्ण थांबवल्यावर पुढचे काही दिवस शुगर परत वाढू शकते. तेव्हा घाबरून ते परत सुरू करू नका किंवा गोळी मनाने वाढवू नका, दिवसातून दोन-तीनदा मोजून लिहून ठेवा, त्याच आकड्यांवरून डॉक्टरांना खरा डोस ठरवता येईल.

राहिलं ओरडण्याचं. हे मला फार मनाला लागतं, कारण मी औषधं देण्याच्या कामात इतकी वर्षं आहे आणि कितीतरी बायका अगदी शेवटी, निघता निघता, हळू आवाजात सांगतात की मी सोबत एक काढा पण घेते हं. माझ्या स्वतःच्या मावशीच्या बाबतीत हेच झालं होतं, तिला दोनदा चक्कर येऊन पडल्यावर सगळ्या तपासण्या झाल्या, डोक्याचा स्कॅन झाला, ती रोज सकाळी काय पिते हे कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही, तिला वाटलं ते काही औषध थोडंच आहे. डॉक्टर एखादा शब्द बोलतीलही कदाचित. पण त्यांना जर चूर्णाचं माहीत नसेल तर ते १०५ चा आकडा बघून म्हणतील गोळी मस्त चाललीये, तीच चालू ठेवा. किंवा लो शुगर ऐकून किडनी, लिव्हर, थायरॉइड सगळं तपासायला पाठवतील.

फार काही बोलावं लागत नाही. फोनवर एवढंच म्हणा, "डॉक्टर, मी दोन महिन्यांपासून कारलं, जांभूळ, गुडमार, मेथीचं चूर्ण दिवसातून दोनदा घेत होते, आज बंद केलंय, तीन आठवड्यांपासून घाम-थरथर होतेय, एकदा शुगर ५६ होती, ग्लिमेपिराइडचं काय करू?" पहिल्याच दमात सगळं सांगून टाका म्हणजे प्रश्नोत्तरं करताना धीर जाणार नाही. एका कागदावर बाकी पण लिहून ठेवा, बीपीची गोळी कुठली, रक्त पातळ करणारं काही आहे का, दुखण्याच्या गोळ्या किती घेता. बीपीसाठी प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉलसारखं काही असेल तर ते नक्की सांगा, कारण त्यामुळे लो शुगरमधली धडधड आणि थरथर जाणवेनाशी होऊ शकते, घाम मात्र राहतो. आणि पुढे कधी एखाद्या वैद्यांकडून औषध घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण त्यांनाही या सगळ्या गोळ्या दाखवा, दोघांनाही एकमेकांचं माहीत हवं. कुठलं ऑपरेशन ठरलं तर हर्बल काहीही निदान दोन आठवडे आधी बंद करायचं, तेही विचारून.

आज रात्री झोपताना शुगर मोजा. १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊनच झोपा, उशाशी ग्लुकोज पावडर आणि पाण्याचा ग्लास ठेवा, आणि मुलाला पहाटे ३ चा गजर लावायला सांगा, एकदा बोट टोचून बघू दे, फक्त आजच्या आणि उद्याच्या रात्री, डॉक्टरांनी डोस बदलेपर्यंत. त्यांनी काय ठरवलं ते मला नक्की कळवा.